फ्लाइट सिम्युलेटरच्या सेटिंगचा बॅकअप: नवख्यांसाठी

गेल्या पावसाळ्यात आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीतला अकरावीतला मुलगा लॅपटॉप काखेत मारून आला. "काका, विमान सारखं डावीकडे पळतंय." एका इंजिनाचं विमान धावपट्टीवर वेग घेताना तसंही डावीकडे ओढतं, पण याचं पार्किंगमधून निघतानाच गोल फिरत होतं. त्याचा एक्स-प्लेन, म्हणजे कंप्युटरवर विमान उडवायचा सिम्युलेटर (थोडक्यात 'सिम'), मध्येच अडकायला लागला, म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याने 'प्रेफरन्सेस' नावाचा फोल्डर उडवला होता. सल्ला तसा बरोबर होता. सिम हट्टाला पेटला की तो फोल्डर काढून टाकणं हा जुना, खात्रीचा उपाय आहे. पुढच्या वेळी सिम नवा कोरा फोल्डर बनवतो. फक्त त्या कोऱ्या फोल्डरात तुमची जॉयस्टिक नसते, तुम्ही नेमलेली बटणंही नसतात.

"बॅकअप घेतला होतास का?"

"घेतलाय की! विमानं आणि सीनरी मिळून ऐंशी जीबी. आउटपुट फोल्डर तेवढा सोडला. नावावरून वाटलं, सिमने बाहेर टाकलेला कचरा असेल."

'प्रेफरन्सेस' याच 'आउटपुट'च्या पोटात असतो. म्हणजे पुन्हा डाउनलोड करता येतील असे ऐंशी जीबी पोराने जपून ठेवले, आणि कुठूनही परत न मिळणारे काही एमबी सोडून दिले. नव्याने सिम उडवायला लागलेले बहुतेक जण हेच करतात, मीही केलंय. म्हणून हा लेख.

काय वाचवायचं, काय नाही

सिम, त्याची मूळ सीनरी (म्हणजे खाली दिसणारी जमीन आणि विमानतळ), विकत घेतलेली विमानं हे सगळं परत उतरवता येतं. वेळ जाईल, ब्रॉडबँडचा घाम निघेल, पण मिळेल. तुम्ही महिनाभर बसून जॉयस्टिकचा मधला डेड झोन (जिथे ती हलली तरी विमान हलत नाही) किती ठेवला, रडरचा (शेपटावरच्या सुकाणूचा) प्रतिसाद किती मऊ केला, कोणत्या बटणावर ट्रिम (सतत जोर न लावता विमान स्थिर ठेवायची जुळवणी) आणि कोणत्यावर ब्रेक दिला, सीनरीच्या याद्या कोणत्या क्रमाने लावल्या, हे कोणत्याच सर्व्हरवर तयार ठेवलेलं नसतं. बॅकअप या गोष्टींचा घ्यायचा. विकत घेतलेल्या ॲडऑनच्या (वेगळ्या आणून सिमला जोडलेल्या विमानांच्या, सीनरीच्या) सीरियल की आणि खरेदीच्या ईमेल त्याच फोल्डरात टाका. त्या शोधण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात ॲडऑन दोनदा उतरवून होतं.

बसण्याआधीची तयारी

सिम पूर्ण बंद करा. एक्स-प्लेन आपली सेटिंग बंद होताना लिहितो. तो चालू असताना घेतलेली कॉपी जुनी असते, आणि चालू असताना आत टाकलेली फाइल तो बंद होताना पुसून वर स्वतःची लिहितो.

मग विंडोजच्या फाइल एक्स्प्लोररमध्ये 'व्ह्यू' मेनूत जाऊन लपवलेले फोल्डर आणि फाइलींची एक्स्टेन्शन दोन्ही दिसतील असं करा. मायक्रोसॉफ्टच्या सिमची सेटिंग ज्या 'ॲपडेटा' फोल्डरात असते तो मुळातच लपवलेला असतो, त्यामुळे पहिलं काम अडतं. दुसऱ्याचं कारण जरा गमतीशीर आहे. एक्स्टेन्शन दिसत नसताना नोटपॅडमधून फाइल सेव्ह केली की कधी कधी तिच्या शेपटाला गुपचूप 'डॉट टीएक्सटी' चिकटतं. डोळ्यांना नाव तेच दिसतं, पण सिमला ती फाइल सापडत नाही आणि आपण तासभर सिमला शिव्या घालतो.

फायलींची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. कंप्युटरवर ती अर्थात इंग्रजीतच दिसतील.

आता सिमच्या फोल्डरबाहेर एक फोल्डर करा आणि त्यात आजच्या तारखेचा आणखी एक. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहा: २०२६-०१-१४. असं केलं की फोल्डर आपोआप क्रमाने लागतात. '१४ जानेवारी' असं नाव दिलंत तर दोन वर्षांनी कोणता जानेवारी ते कळणार नाही. 'नवा', 'नवा २' आणि 'एकदम शेवटचा' या नावांबद्दल मी काही बोलत नाही.

एक्स-प्लेन

सोय म्हणाल तर हाच सिम सगळ्यात बरा. जवळजवळ सगळं त्याच्या स्वतःच्याच फोल्डरात असतं, विंडोजच्या कानाकोपऱ्यात शोधत बसावं लागत नाही. पुढच्या जागा घ्या.

पहिली, 'आउटपुट'मधला अख्खा 'प्रेफरन्सेस' फोल्डर. यात कळफलकाची फाइल वेगळी, जॉयस्टिकची वेगळी, आणि 'कंट्रोल प्रोफाइल्स' हा आणखी एक फोल्डर असतो. सेसनासाठी एक आणि एअरबससाठी दुसरं प्रोफाइल केलं असेल, तर तुमची खरी मेहनत तिथे आहे. एकेक फाइल निवडत बसू नका, सगळा फोल्डर उचला.

दुसरी, 'आउटपुट'मधलेच 'एफएमएस प्लॅन्स', 'सिच्युएशन्स' आणि 'लॉगबुक्स'. आखलेले मार्ग, साठवलेले प्रसंग, उड्डाणांचे तास. लॉगबुकची किंमत ते गेल्यावर कळते.

तिसरी जागा बहुतेकांना माहीत नसते. कॉकपिटमधले ठरावीक कोन, म्हणजे एका बटणावर ओव्हरहेड पॅनल आणि दुसऱ्यावर रेडिओ, हे प्रत्येक विमानाच्या स्वतःच्या फोल्डरात विमानाच्या नावापुढे 'प्रेफ्स' जोडलेल्या छोट्या टेक्स्ट फाइलमध्ये असतात. विमान काढून पुन्हा टाकलं की ते गेले. 'एअरक्राफ्ट' फोल्डरात 'प्रेफ्स' असा सर्च मारा, सापडतील तेवढ्या फायली घ्या. कोणती कोणत्या विमानाची ते नावावरून कळतंच.

चौथी जागा म्हणजे 'कस्टम सीनरी' फोल्डरातली 'सीनरी पॅक्स डॉट आयएनआय', आणि हिच्यापाशी जरा थांबू.

ही साधी टेक्स्ट फाइल आहे. प्रत्येक ओळीत एका सीनरीचं नाव. जी ओळ वर तिचं चालतं. खालची सीनरी वरच्यावर कुरघोडी करू शकत नाही. म्हणून तुम्ही टाकलेले विमानतळ वर हवेत, त्याखाली सिमचे स्वतःचे विमानतळ, आणि जमिनीचे उपग्रह-फोटो सगळ्यात तळाशी. तळाची गोष्ट वर गेली की विमानतळ तिच्याखाली गाडला जातो. नवी सीनरी टाकली की सिम तिची ओळ आपणहून सगळ्यात वर घालतो. ही फाइल पुसली गेली तर तो नवीन बनवतो, पण वर्णक्रमानुसार. तुम्ही लावलेला क्रम गेला तो गेलाच.

आपल्याकडच्यांना हे जास्त नडतं, कारण भूगोल. उपग्रह-फोटोंची सीनरी एक अंश बाय एक अंश अशा चौकोनी तुकड्यांत असते. उत्तर १९ अंश आणि पूर्व ७३ अंश या दोन रेषा एकमेकींना छेदतात त्या सीवूड्सच्या अगदी जवळ, खाडीच्या बाजूला. म्हणजे चार तुकड्यांचे कोपरे नवी मुंबईत येऊन भिडतात. ठाणे आणि वाशी एका तुकड्यात, बेलापूर दुसऱ्यात, कुलाबा तिसऱ्यात आणि उलव्याचा नवा विमानतळ चौथ्यात. पुण्याचा माणूस एका तुकड्यात सुखाने उडतो. आपल्याला घराभोवती घिरटी मारायची तरी चारही तुकडे हवेत, आणि तेही विमानतळांच्या खाली. एक ओळ जरी हरवली तरी पाम बीच रोड मधेच धूसर होतो.

त्यात नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि प्रवासी विमानं त्या वर्षीच्या २५ डिसेंबरपासून सुटायला लागली. जुन्या सीनरीत तिथे धावपट्टीच नाही, त्यामुळे हौशी लोक तो वेगळा आणून टाकतात. टाकण्याआधी या यादीची एक कॉपी घ्या आणि टाकून, क्रम लावून झाल्यावर दुसरी.

सीनरी जागेअभावी दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवून शॉर्टकट दिला असेल, तर यादीत त्या ड्राइव्हच्या अक्षरासकट पूर्ण पत्ता असतो. नव्या कंप्युटरवर 'डी'चा 'ई' झाला की ओळ आहे पण सीनरी नाही. अशा वेळी नोटपॅडमध्ये 'फाइंड-रिप्लेस' करून अक्षर बदलायचं.

लुआ स्क्रिप्ट वापरत असाल तर 'रिसोर्सेस'मधल्या 'प्लगइन्स'खालचा 'फ्लाय विथ लुआ' आणि त्यातला 'स्क्रिप्ट्स' फोल्डर घ्या. काय आहे हेच माहीत नसेल, तर तुम्हाला त्याची गरज नाही.

आणि एक्स-प्लेन ११ चा 'प्रेफरन्सेस' फोल्डर १२ मध्ये टाकू नका. आपली सेटिंग पुन्हा बसवायला अर्धा तास लागतो. उसन्या सेटिंगचं निदान करायला रविवार जातो.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर

इथे वस्तू विखुरलेल्या आहेत, आणि एकसारख्या दिसणाऱ्या फोल्डरांचा घोळ आहे. १९७२ च्या सप्टेंबरमध्ये एका परदेशी कंपनीचं डीसी-८ हे मोठं जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं आणि पुढे घसरत गेलं. दोन्ही विमानतळ जवळजवळ, धावपट्ट्यांच्या दिशाही जवळपास सारख्याच. हे फोल्डर उघडताना मला दरवेळी तो वैमानिक आठवतो.

आधी ठरवा: तुमचा सिम २०२० चा की २०२४ चा? आणि तो मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलाय की स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून? या दोन उत्तरांवर जागा ठरते. जी फाइल हवी तिचं नाव चारही ठिकाणी एकच, 'युजरसीएफजी डॉट ओपीटी'.

स्टीमवाल्यांनी कळफलकावर विंडोज आणि आर एकत्र दाबायचं, उघडलेल्या चौकटीत टक्क्याचं चिन्ह, 'ॲपडेटा' आणि पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं मधे जागा न सोडता टाइप करून एंटर मारायचं. समोर 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' या नावाचा फोल्डर येईल. २०२४ वाल्यांच्या फोल्डरापुढे आकडा असतो. फाइल त्यात आहे.

स्टोअरवाल्यांनी तेच करायचं, फक्त 'ॲपडेटा'ऐवजी 'लोकलॲपडेटा'. मग 'पॅकेजेस' उघडा. २०२० साठी 'मायक्रोसॉफ्ट डॉट फ्लाइटसिम्युलेटर'ने सुरू होणारा लांबलचक नावाचा फोल्डर शोधा. २०२४ चं नाव मात्र तिथे सरळ लिहिलेलं नाही. त्याचा फोल्डर 'मायक्रोसॉफ्ट डॉट लिमिटलेस'ने सुरू होतो. हे माहीत नसल्याने माझा एक मित्र दोन दिवस २०२० ची फाइल कॉपी करून २०२४ सुधारत बसला होता. आत 'लोकलकॅश' आणि त्यात आपली फाइल.

ती नोटपॅडमध्ये उघडून बघा, बघण्याने काही मोडत नाही. ग्राफिक्सची सगळी सेटिंग ओळीने लिहिलेली दिसतील. खाली तळाला 'इन्स्टॉल्ड पॅकेजेस पाथ' अशी ओळ असते. सिमचा डेटा कोणत्या ड्राइव्हवर कुठे आहे, तो हा पत्ता. पत्ता चुकला की डेटा आहे तिथेच असूनही सिम म्हणतो काहीच नाही, आणि सगळं पहिल्यापासून उतरवायला घेतो. २०२० च्या सिमसाठी कंपनीने सांगितलेली डिस्कवरची जागाच १५० जीबी आहे. विंडोज नव्याने टाकल्यावर सिम डेटाची जागा विचारतो तेव्हा हाच जुना पत्ता दाखवा. मी तो कागदावर लिहून मॉनिटरच्या मागे चिकटवलाय.

जॉयस्टिकची प्रोफाइल मात्र या फाइलमध्ये नसतात. स्टीमवर ती स्टीमच्याच फोल्डरात 'युजरडेटा', त्यात तुमच्या खात्याचा आकडा, त्यात १२५०४१० (हा २०२० च्या सिमचा क्रमांक) आणि मग 'रिमोट' इथे असतात. फायलींची नावं 'इनपुटप्रोफाइल'ने सुरू होतात. स्टोअरच्या सिममध्ये ती अशा अगम्य नावांच्या फायलींत असतात की त्यांना हात न लावलेलाच बरा. दोन्हीकडे क्लाउडशी जुळणी चालू असते, त्यामुळे तुम्ही जुनी फाइल आत टाकावी आणि क्लाउडने वरून आपली टाकावी, असंही होतं.

म्हणून इथे मी एक गावठी उपाय करतो. कंट्रोल्सचा पडदा उघडून फक्त नेमलेली बटणं दिसतील असं फिल्टर लावायचं आणि मोबाइलने फोटो काढायचे. सेन्सिटिव्हिटीच्या वक्ररेषांचेही. सात-आठ फोटोंत काम होतं. सगळं बुडालं तरी फोटो समोर ठेवून वीस मिनिटांत पुन्हा बसवता येतं. तांत्रिक मंडळी हसतील, हसू देत.

बाहेरून आणलेली ॲडऑन या सिममध्ये 'कम्युनिटी' फोल्डरात टाकतात, ती कॉपी करत बसू नका. आतल्या फोल्डरांच्या नावांची यादी आणि ती कुठून आणली एवढं लिहिलं की पुरे.

एखादा जाणकार सांगेल, युजरसीएफजी 'रीड-ओन्ली' करून टाक, म्हणजे कुणी बदलणारच नाही. करू नका. मग सिमलाही ती बदलता येत नाही, आणि तुम्ही पडद्यावर केलेला बदल दुसऱ्या दिवशी गायब का होतो ते कळत नाही.

फ्लाइटगिअर

फुकट आणि मुक्त सिम असल्याने पुष्कळ जण इथूनच सुरुवात करतात. विंडोजवर वर सांगितलेल्या 'ॲपडेटा'मध्ये 'फ्लाइटगिअर डॉट ऑर्ग' हा फोल्डर, लिनक्सवर होम फोल्डरातला लपवलेला 'डॉट एफजीएफएस'. त्यात 'ऑटोसेव्ह'ने सुरू होणारी फाइल असते, नावात आवृत्तीचा आकडा. आवृत्ती बदलली की फाइलही नवी, म्हणून अपग्रेडनंतर सेटिंग गेल्यासारखी वाटते. जुनी तिथेच असते. जॉयस्टिकची स्वतः केलेली फाइल 'इनपुट'मधल्या 'जॉयस्टिक्स'मध्ये सापडेल.

एक चिठ्ठी

प्रत्येक तारखेच्या फोल्डरात एक टेक्स्ट फाइल ठेवा, मराठीतच लिहा, नोटपॅडला चालतं. सिमची आवृत्ती, ग्राफिक्स ड्रायव्हरची आवृत्ती, कोणतं उपकरण कोणत्या यूएसबी पोर्टात आहे, आणि बॅकअप कशासाठी घेतला. 'ढग एक पायरी कमी केले, ठाण्यावरून उडताना आता अडकत नाही', एवढं पुरतं. सहा महिन्यांनी पाच फोल्डर समोर असताना कोणता परत आणायचा ते ही चिठ्ठी सांगते.

कॉपी कुठे ठेवायची

छायाचित्रकारांत रूढ झालेला तीन-दोन-एकचा नियम इथे चालतो: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. आपला सगळा ऐवज झिप केल्यावर काही एमबींचा असतो. गूगल ड्राइव्हची फुकट १५ जीबी त्याला वर्षानुवर्षं पुरते. माझी एक प्रत कंप्युटरच्या दुसऱ्या डिस्कवर, एक गूगल ड्राइव्हवर आणि एक बहिणीच्या डोंबिवलीच्या घरी पेन ड्राइव्हवर आहे. वनड्राइव्ह चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे फोल्डर सांभाळतो, 'ॲपडेटा' नाही.

आता माझी फजिती. दर वेळी हाताने कॉपी करायचा कंटाळा आला म्हणून मी विंडोजमधल्या 'रोबोकॉपी'ची एक ओळ लिहून ती रोज रात्री आपोआप चालेल असं लावलं, आणि तिला 'एमआयआर' हा पर्याय दिला. म्हणजे आरसा. मूळ फोल्डरात जे आहे तेच बॅकअपमध्ये, तंतोतंत. जुलैतल्या एका रात्री सिम चालू असताना वीज गेली, आली, पुन्हा गेली. सेटिंगचा फोल्डर रिकामा झाला. रात्री आरशाने आपलं काम चोख केलं आणि बॅकअपही रिकामा केला. तेव्हापासून आरसा बंद, दर वेळी तारखेचा नवा फोल्डर. आणि कंप्युटरला यूपीएस.

बॅकअप कधी घ्यायचा याचं वेळापत्रक मी करत नाही. सिमचं अपडेट येण्याआधी, नवी सीनरी किंवा नवं उपकरण लावण्याआधी, आणि एखाद्या संध्याकाळी सगळं अचानक झकास चालायला लागलं तर त्याच क्षणी. ही शेवटची वेळ सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी.

परत आणून बघा

इथवर येऊन बहुतेक जण थांबतात, आणि पहिल्यांदा रीस्टोअर करतात ते सगळं बुडाल्यावर. सराव आजच करा. एक्स-प्लेनवर सोपं आहे. सिम बंद करा. 'प्रेफरन्सेस' पुसू नका, त्याचं नाव बदलून 'प्रेफरन्सेस जुना' करा. बॅकअपमधला फोल्डर त्या जागी कॉपी करा, 'कट' नव्हे. सीनरीच्या यादीचंही तसंच. मायक्रोसॉफ्टच्या सिमवर युजरसीएफजीचं नाव बदलून जुनी फाइल आणा. मात्र मधे मोठं अपडेट येऊन गेलं असेल, तर पूर्ण फाइल टाकण्यापेक्षा नवी आणि जुनी शेजारी उघडून हवे तेवढे आकडे उचललेले बरे. नव्या फाइलमध्ये जुनीत नसलेल्या ओळी असतात.

मग एक ठरलेलं उड्डाण करा, दर वेळी तेच. माझं जुहूवरून असतं. १९३२ मध्ये जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथे उतरले होते, हे एक कारण. दुसरं कारण कामाचं आहे. सेसना घ्यायचं, पूर्वेला उडायचं आणि आग्नेयेला वळून खाडी ओलांडायची. टॅक्सी करताना (विमान जमिनीवरून चालवताना) रडर आणि ब्रेक तपासून होतात, वर चढताना ट्रिम आणि फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या झडपा). वाशीच्या पुलावर आलं की कॉकपिटचे सगळे कोन एकदा फिरवून बघायचे. सीवूड्सवरून जाताना खाली नजर ठेवायची: चार तुकड्यांचा सांधा तिथेच आहे, एखादा तुकडा नसेल तर लगेच दिसतो. पुढे उलव्याला धावपट्टी दिसली तर सीनरीचा क्रम बरोबर आहे. चिखलाचा माळ दिसला तर यादी उघडून विमानतळाची ओळ वर सरकवा.

पंधरा मिनिटांत उरकतं. त्या मुलाकडे आम्ही शेवटी सगळी बटणं नव्याने नेमली, आणि मग हेच उड्डाण केलं. उतरल्यावर तो लगेच 'प्रेफरन्सेस जुना' पुसायला निघाला होता. त्याचा हात धरला. चार-पाच उड्डाणं नीट झाली, एकदा कंप्युटर बंद-चालू करून झाला, की मगच तो पुसायचा.